चेकरबाईंचा एकच प्रश्न

शिवून झालेला शर्ट चेकरबाईंच्या टेबलावर आला की शिवणाऱ्या पोरींचे पाय मशीनवर थांबायचे. बाई शर्ट उचलायच्या, कॉलरची दोन टोकं एकमेकांवर ठेवून बघायच्या, बाह्या ताणायच्या, उलटा करून काखेतली शिलाई बोटाने चाचपायच्या. शेवटी बटणं. सगळं मिळून मिनिटभराचं काम. दोष सापडला की त्या जागी लाल बाणाचं स्टिकर चिकटवायचं आणि शर्ट डाव्या टोपलीत टाकायचा. तिथून तो परत शिलाईला जायचा, आणि पोरगी वळून बाईंकडे असं बघायची की नजरेनेच माणूस भाजावा.

त्या कामाचा एक नियम होता. पहिला दोष सापडला की पुढे बघायचं नाही. एका शर्टात दोन-दोन दोष शोधत बसलं तर दिवसाचा माल उरकायचा कधी? एक बाण, डावी टोपली, पुढचा शर्ट. सव्वीस वर्षं बाईंनी हेच केलं आणि त्यांच्या टेबलावरून पुढे गेलेला माल फारसा कधी परत आला नाही. कारखान्यात म्हणायचे, बाई स्वर्गात गेल्या तर आधी दाराची बिजागरी तपासतील आणि बाण चिकटवूनच आत पाऊल टाकतील. बाईंच्या कानावर हे आलं होतं. त्यांना ते आवडलं होतं.

अशा बाईला चर्चच्या मंडळीने पंच केलं नसतं तरच नवल.

त्यांच्या मंडळीत प्रभुभोजन, म्हणजे प्रभू येशूच्या आठवणीत भाकर घ्यायचा विधी, तीन महिन्यांतून एकदा व्हायचं आणि त्याला कार्ड लागायचं. बसच्या तिकिटाएवढं निळसर कार्ड, त्यावर नाव आणि तारीख. आदल्या शुक्रवारी संध्याकाळी प्रत्येक पंचाने आपल्या भागातल्या घरोघरी जायचं, सगळं ठीक आहे ना विचारायचं, प्रार्थना करायची आणि कार्ड द्यायचं. रविवारी दारातल्या पेटीत कार्ड टाकलं की मेजावर जागा. ज्याचं वागणं बरं नाही त्याला कार्ड नाही, आणि कार्ड नाही त्याला भाकरही नाही. ही रीत कोणी सुरू केली ते सांगणारं आता कोणी उरलं नव्हतं, पण मोडायची कोणाची छाती नव्हती. बाईंकडे चार गल्ल्या होत्या, बावीस घरं. नावं त्या स्वतः लिहायच्या, सुबक अक्षरात, एक अक्षर चुकलं तर कार्ड फाडून नवं.

आता बावीस घरांत काय बावीस संत राहत होते? फर्निचरवाल्याची म्हातारी आई मागच्या खोलीत कडी लावून ठेवलेली असायची. तिला भ्रम झालाय म्हणे. पुढच्या खोलीत चेकरबाईंना चहा मिळायचा, कपबशी चांगली नक्षीची, आणि चहा पिऊन झाला की फर्निचरवाल्याला कार्ड मिळायचं. आतून कधी कधी दार ठोकल्याचा आवाज यायचा. बाई तेव्हा प्रार्थना थोडी मोठ्याने करायच्या. शर्ट उलटा करून बघता येतो, लोकांचं घर कसं उलटं करायचं? दिसलं तर दोष, नाही दिसलं तर पास. त्यांनी काही हे ठरवून केलं नव्हतं. हाताला लागलेली सवय होती आणि ती मनालाही लागली, एवढंच.

धाकटीचा दोष मात्र दिसत होता. चांगला चौकात दिसत होता.

धाकटी म्हणजे बाईंची सख्खी बहीण, आठ वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा धाकटी पाच वर्षांची होती. तिची वेणी घालणं, नाक पुसणं, अक्षरं गिरवून घेणं, पहिल्या प्रभुभोजनाच्या दिवशी तिचा पांढरा फ्रॉक इस्त्री करणं, सगळं ताईने केलं. ताईचं लग्न झालं तेव्हा धाकटी तीन दिवस जेवली नाही. पुढे धाकटीचंही लग्न झालं, नवरा लवकर वारला, मूल नव्हतं. ताईही तोवर विधवा झाली होती. दोघी दोन गल्ल्यांच्या अंतरावर राहायच्या आणि एकीच्या घरी भाजी जास्त झाली तर ती दुसरीच्या घरी जायची.

मग धाकटीच्या स्वयंपाकघराची भिंत ओली होऊ लागली म्हणून गवंडी आला. भिंत दुरुस्त झाली, गवंडी राहिला.

माणूस वाईट नव्हता. कमी बोलायचा, दारू पीत नव्हता, आल्यावर हातपाय धुवून स्वतःचं ताट स्वतः घ्यायचा. पण त्याची बायको बारा वर्षांपूर्वी घर सोडून गेली होती, कुठे ते कोणाला ठाऊक नव्हतं, आणि कागदावर तो अजून तिचाच नवरा होता. धाकटीने ताईला सांगितलं, "ताई, कोर्टात अर्ज टाकलाय. वेळ लागेल. तोवर मी काय त्याला बाहेर ओट्यावर झोपवू?"

"झोपव," ताई म्हणाली.

पंचांच्या बैठकीत हे प्रकरण दुसऱ्या कोणी काढलं नाही. चेकरबाईंनीच काढलं. घरचं माणूस म्हणून सोडलं तर उद्या कोणत्या तोंडाने दुसऱ्याला अडवू, असं त्या म्हणाल्या, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. धाकटीचं नाव मंडळीतून निघालं. दुसऱ्याच्या हाताने विस्तव उचलायला कोणाचं काय जातं? त्याच बैठकीत बाईंनी एक नियमही वहीत लिहून घेतला. जोडीदार सोडून गेला असेल त्याने कोर्टाचा निकाल आणि रजिस्टर लग्नाचा कागद आणावा, की नाव पुन्हा लावावं. ही फट त्यांनी बहिणीसाठीच ठेवली होती. दुसऱ्या दिवशी टेबलावर त्यांनी साडेचारशे शर्ट पास केले आणि एकावरही बाण लावला नाही. तो सगळा माल आठवड्याने परत आला. मालक ओरडला. आयुष्यात एवढा एकच दिवस त्यांच्या डोळ्यांना काही दिसलं नव्हतं.

देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, अंगणात त्यांनी धाकटीला गाठून सांगितलं, "कागद आण. मग बघू."

धाकटीने मान हलवली. त्यानंतर तीन वर्षं ती दर रविवारी आली आणि शेवटच्या बाकावर बसली. प्रभुभोजनाच्या रविवारी मेजावरचं पांढरं कापड उचललं की ती उठून अंगणात जायची, रडणारी तान्ही घेऊन बाहेर आलेल्या आयांमध्ये. एकदा एक लहान मुलगी सगळ्यांदेखत म्हणाली, "आत्या, तुझं बाळ कुठाय?" आयांनी तिला दटावलं. ही गोष्ट बाईंना तीन जणींनी येऊन सांगितली, तीन निराळ्या प्रकारे, आणि तिन्ही वेळा बाई म्हणाल्या, "मी काय करू? नियम मी एकटीने केलाय का?"

भाजीची ये-जा बंद झाली. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. भांडण मिटवता येतं.

तिसऱ्या वर्षी धाकटीच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशनची तारीख मिळाली, मंगळवार. त्याच्या आधीचा रविवार प्रभुभोजनाचा होता. धाकटी अंगणात ताईजवळ आली. अंगावरचा ब्लाउज दोन बोटं सैल झाला होता.

"ताई, ह्या शुक्रवारी माझ्याकडे येशील?"

"बघते," ताई म्हणाली.

"बघू नकोस. ये. पोट फाडायच्या आधी एकदा घ्यावंसं वाटतं. दुसरं काही नको मला."

गुरुवारी चर्चचे पाळकसाहेब स्वतः चेकरबाईंच्या घरी आले. पाळक नवे होते, वय पस्तिशीचं, बोलणं लोण्यासारखं आणि कणाही तसाच. पंचमंडळाने नेमलेले होते आणि पंचमंडळ काढूही शकत होतं, हे ते झोपेतही विसरत नसावेत. चहा निवेपर्यंत त्यांनी हवापाण्याच्या गप्पा मारल्या. मग म्हणाले, "बाई, कधी कधी वाटतं, लोकांचे दोष काढायचा अधिकार आपल्याला नेमका कुठवर आहे?"

"काढायचेच नसतील तर मंडळी कशाला म्हणायचं? बाजार म्हणा," बाई म्हणाल्या. "येणारा येतो, जाणारा जातो. बटण नसलेला शर्ट आम्ही पुढे पाठवला तर गिऱ्हाईक काय म्हणेल? जाऊ दे, शर्ट तर आहे?"

"शर्टाला काही विचारता येत नाही, बाई. माणसाला विचारता येतं."

"मी विचारते की. दर वेळी विचारते."

"कुसळ आणि मुसळाचं तर तुम्हाला ठाऊकच आहे..."

"ठाऊक आहे. म्हणून मुसळ काढायचं, की कुसळही राहू द्यायचं? दोन्ही डोळे फुटेपर्यंत?"

पाळकांनी कप खाली ठेवला. बाईंचं म्हणणं काही अगदीच टाकाऊ नव्हतं, हेही खरं. जिथे कोणाला काहीच म्हणायचं नाही तिथे फर्निचरवाल्यांचं फावतं. फक्त बाई फर्निचरवाल्याला कधी काही म्हणाल्या नव्हत्या.

"मग तुम्हीच द्या तिला," बाई अचानक म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात जी विनवणी होती ती पाळकांना ऐकू आली नाही, किंवा आली आणि झेपली नाही. "तुम्ही पाळक आहात. दवाखान्यात नेऊन द्या. मी आडवी येणार नाही."

"भाग तुमचा आहे, बाई," पाळक म्हणाले. "तुमच्या डोक्यावरून मी कसं देऊ?" आणि टोपी घेऊन निघाले. मान मोडली तरी चालेल पण कोणाची नाराजी नको, असे लोक पुष्कळांना मारतात आणि स्वतः सगळ्यांच्या लग्नात पुढच्या खुर्चीवर बसतात.

शुक्रवारी बाई निघाल्या. बावीस घरांची कार्डं पिशवीत होती, आणि एक कोरं कार्ड जास्तीचं. ते त्यांनी मुद्दाम घेतलं होतं. सोबत पेनही होतं. धाकटीच्या दारासमोर त्या तीन वर्षांनी उभ्या राहिल्या. दाराला नवा रंग होता. आत गवंडी खाली बसून काहीतरी निवडत होता. बाईंना बघून तो उठला आणि मागच्या खोलीत गेला. धाकटी खाटेवरून उतरून दारापर्यंत आली.

बाईंनी जो प्रश्न वाटेत दहा वेळा मनात म्हटला होता, तो विचारला.

"सोडलंस का त्याला?"

धाकटीने त्यांच्याकडे बघितलं.

"नाही."

"मग मी काय करू, सांग."

"आत ये ना, ताई. बस. दोन शब्द बोलू."

"अजून नऊ घरं राहिलीत माझी."

"एवढंच विचारायचं होतं?"

"एवढंच विचारायचं असतं," बाई म्हणाल्या आणि पुढच्या घराकडे वळल्या. कोरं कार्ड पिशवीतच राहिलं. पुढच्या घरी त्यांनी प्रार्थना केली आणि कार्ड दिलं.

रविवारी कापड उचललं तेव्हा धाकटी उठून बाहेर गेली. या वेळी तिला भिंतीला धरून जावं लागलं. मंगळवारी ऑपरेशन झालं, गाठ निघाली, पण शुक्रवारी ताप चढला आणि उतरलाच नाही. बाई रजा टाकून दवाखान्यात गेल्या. खाटेजवळ एकालाच बसू देत होते आणि तिथे गवंडी होता. तो उठला, म्हणाला, "ताई, तुम्ही बसा." बाई बसल्या. धाकटीचे डोळे मिटलेले होते, तोंडावर नळी होती. बाईंनी तिचे केस मागे सारले, बोटांनी विंचरल्यासारखे. वेणी घालता आली असती, पण डोकं उचलायचं कोणी? नवव्या दिवशी सकाळी धाकटी गेली.

दुपारी पाळकांचा निरोप आला, कार्यालयात या. बाईंना वाटलं दफनाचं विचारायचं असेल. मंडळीच्या कबरस्तानात नाव असलेल्यांनाच जागा होती, बाकीच्यांसाठी गावाबाहेरची सरकारी जमीन. बाई वाटेत ठरवूनच गेल्या होत्या की आज भांडायचं. नियम गेला खड्ड्यात, धाकटी आईशेजारी जाईल. पंचपद काढून घ्या हवं तर.

भांडायची वेळच आली नाही. टेबलावर दोन कागद ठेवलेले होते. पलीकडे गवंडी उभा होता, कामाच्या कपड्यांत, नखांत सिमेंट.

"यांनी आणलेत," पाळक म्हणाले. "कोर्टाचा निकाल आहे आणि रजिस्टर लग्नाचा दाखला. तुमच्याच नियमात बसतं, बाई. जागेची अडचण नाही. फक्त नाव परत लावायला भागाच्या पंचाची सही लागते."

बाईंनी दाखला उचलला. कागद कसा तपासायचा ते त्यांना कोणी शिकवायला नको होतं. शिक्का होता, दोन साक्षीदार होते, धाकटीची सही होती, लहानपणी त्यांनीच गिरवून घेतलेल्या वळणाची. आणि तारीख होती. त्या शुक्रवारच्या पाच आठवडे आधीची.

"हे... हे घरात होतं?" बाईंनी विचारलं. "मी दारात आले तेव्हा?"

"कपाटात होतं," गवंडी म्हणाला.

"मग बोलली का नाही? एक शब्द! एक शब्द बोलली असती तर..." बाईंचा आवाज चिरकला. त्यांना त्या क्षणी दुःख झालं नाही, भयंकर राग आला, मेलेल्या बहिणीचा. "माझ्याकडे कोरं कार्ड होतं! मी तिथल्या तिथे लिहिलं असतं!"

"मी तिला म्हटलं होतं, दाखव म्हणून. चार वेळा म्हटलं." गवंडी सावकाश बोलत होता, वीट ठेवावी तसा एकेक शब्द. "ती म्हणाली, कागद बघून कोणीही देईल. ताई मला बघून देते का, ते बघू. म्हणाली, ती आत येऊन बसली आणि 'कशी आहेस' एवढं जरी म्हणाली ना, तर कागद मी तिच्या हातात ठेवीन. मी मागच्या खोलीत तो घेऊनच उभा होतो, ताई. तुम्ही आतच आला नाहीत."

बाईंनी दाखला टेबलावर ठेवला.

"तुम्ही दोघी सारख्याच," गवंडी म्हणाला. "एकीनं विचारलं नाही, दुसरीनं सांगितलं नाही. परीक्षा घेत बसलात एकमेकींची. गेली ती माझी."

पाळकांनी वही पुढे सरकवली. बाईंनी सही केली. धाकटीचं नाव मंडळीत पुन्हा लागलं, मरून सात तास झाल्यावर.

पुढच्या तिमाहीच्या आधी पंचांची बैठक झाली. विषय तीन होते. छताची गळती, नवे पंखे, आणि कार्डं. छपाईवाल्याने काम बंद केलं होतं, शिवाय नव्या पिढीला हे कार्डाचं बरं वाटत नाही, असं कोणी म्हणालं. पाळक म्हणाले, प्रत्येकाने आपलं मन तपासावं आणि मेजावर यावं, दुसऱ्याने तपासायचे दिवस गेले. हे बोलायला त्यांना आता काही धोका नव्हता. पंख्यांवर पाऊण तास चर्चा झाली होती. कार्डांचा विषय पाच मिनिटांत मतदानाला आला.

"ज्यांना बंद करावीशी वाटतात त्यांनी हात वर करा."

सगळे हात वर झाले, एक सोडून.

"बाई," पाळक हळूच म्हणाले, "आता तरी सैल सोडा."

"नाही," चेकरबाई म्हणाल्या. त्यांचे हात मांडीवर घट्ट धरलेले होते. "बंद करायची नाहीत. पाच मिनिटांत बंद होण्यासारखी होती तर मग माझ्या बहिणीला तीन वर्षं मी कशासाठी बाहेर बसवली?"

लोक वह्या मिटून उठले. बाईंचा कडकपणा मेल्यावरच जाणार, असं कोणीतरी जिन्यात म्हणालं. त्यांना कसं कळावं? बाईंना आता त्या कार्डांचा जेवढा तिटकारा होता तेवढा त्या खोलीत कोणालाच नव्हता. पण कार्डं खोटी ठरली तर त्यांच्या हातात फक्त एक बंद दार उरत होतं, आणि ते त्यांनी स्वतः लावलेलं.

कार्डांशिवायचं पहिलं प्रभुभोजन आलं. देऊळ भरलं होतं. नवी माणसं होती, फर्निचरवाला होता, आणि पंच म्हणून बाई नेहमीच्या बाकावर, कडेला. उपासना सुरू झाल्यावर गवंडी आला. उशीर झाला होता, जागा कुठेच नव्हती, म्हणून सेवकाने त्याला बाईंच्या शेजारी बसवलं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही.

भाकरीचं ताट बाकाबाकांवरून हातोहात निघालं. रीत अशी की प्रत्येकाने आपला तुकडा घ्यायचा, शेजाऱ्याकडे ताट द्यायचं आणि डोळे मिटायचे. ताट गवंड्याकडे आलं. त्याने तुकडा घेतला, ताट बाईंकडे केलं, आणि बाईंनी ते धरेपर्यंत थांबला. मग त्याने डोळे मिटले.

बाईंनी ताटाकडे बघितलं. तुकडे सारखे कापलेले होते, शुभ्र. कोणी विचारणार नव्हतं, कोणी अडवणार नव्हतं. त्यांनी ताट मागच्या बाकावर दिलं आणि हात तसाच रिकामा मांडीवर ठेवला. पुढे फर्निचरवाला सावकाश चावत होता. अख्ख्या देवळात सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. कोणी घेतलं आणि कोणी नाही, हे बघायचं काम अकरा वर्षं पंच म्हणून चेकरबाईंचं होतं, आणि त्यांनी घेतलं नाही हे त्यांच्याशिवाय कोणीच बघितलं नाही.